हम म्हणजे कोण

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चिंचेचा पाला निवडणं. संध्याकाळ होती. खाली फरशीवर पेपर पसरलेला, त्यावर हिरवा ढीग, दोन बाजूंना आम्ही दोघं. हैदराबादेत ऊन चढायला लागलं की हा कोवळा पाला बाजारात येतो, तेलुगू लोक चिंतचिगुरू म्हणतात. डाळीत घातला तर जिभेला बरा, पण निवडता निवडता माणसाची पाठ मोडते. ती काड्या काढायची आणि मी पाला तळहातावर चोळून तिच्याकडे सरकवायचो. मला हे काम कधीच आवडलं नाही. तिला ते माहीत होतं, तरी बसवायचीच. म्हणायची, तुमचे हात रिकामे राहिले की डोकं फिरतं, मग घरात मला त्रास.

त्या दिवशी डोकं आधीच फिरलेलं होतं. परवा साइटवर बैठक होती आणि त्या बैठकीत मला हात वर करायचा होता, नाहीतर खाली ठेवायचा होता. वर केला तर माझ्या सुतारांचं काम जाणार. खाली ठेवला तर सगळ्या इमारतीचं काम अडणार. एवढंच होतं, पण एवढ्यानंच मला आठ दिवस झोप नव्हती.

मी सेंट्रिंगवाला. स्लॅब ओतायच्या आधी खाली फळ्यांचा, प्लायचा साचा उभा करायचा, टेकू लावायचे, वरून काँक्रीट पडलं आणि घट्ट झालं की साचा काढून घ्यायचा. आमचं काम इमारतीत कुठं दिसत नाही. पूर्ण झालं की काढून टाकतात. मी उदगीरकडचा, चौथीपर्यंत शिकलेला, तरुणपणी इथं आलो तो इथलाच झालो. माझ्या मराठीत दखनी किती आणि तेलुगू किती हे मला सांगता येत नाही. आजवर काम घ्यायचं म्हणजे मोठ्या कंत्राटदाराच्या केबिनबाहेर उभं राहायचं. तो सांगेल तो दर, तो म्हणेल ती तारीख. काही बिघडलं की चूक सेंट्रिंगवाल्याची. मी पण खाली कोणाची तरी काढायचो. सगळे तसंच करत होते.

कुकटपल्लीच्या दवाखान्याचं काम निघालं तेव्हा मात्र प्रकार वेगळा निघाला. बांधणारी एक संस्था होती, तिला पुढं आणखी दवाखाने बांधायचे होते. त्यांनी ठरवलं की मालक, नकाशेवाले, मोठा कंत्राटदार, सळईवाला, पाण्याच्या आणि विजेच्या लाइनी टाकणारे आणि मी, सगळ्यांनी एकाच कागदावर सह्या करायच्या. एका टेबलाभोवती बसायचं. हिशेब सगळ्यांसमोर उघडे. वाचलं तर सगळ्यांचं, बुडालं तर सगळ्यांचं. कोणी कोणावर कोर्टात जायचं नाही. कोणी कोणाला दोष द्यायचा नाही. आणि कुठलीही मोठी गोष्ट सगळ्यांचे हात वर आल्याशिवाय करायची नाही, एकाचा खाली राहिला तरी थांबायचं. काम नीट झालं तर पुढचे दवाखानेही याच टेबलाकडे. त्याला अलायन्स म्हणतात. मी घरी येऊन सांगितलं, आघाडी झाली आहे. तर ही म्हणाली, कोणाचं सरकार पाडायचं आहे?

मग मी तिला नियम सांगितले. दोष द्यायचा नाही, ओरडायचं नाही, जुनं उकरायचं नाही. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "मग तुम्ही तिथं बोलता तरी काय?"

सहीच्या आधीची एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. कागद सगळा इंग्रजीत. माझ्यासाठी मोठ्या कंत्राटदाराच्या मॅनेजरनं तो दखनीत समजावून सांगितला. घाट्याच्या, म्हणजे तोट्याच्या पानावर आला तेव्हा म्हणाला, "घाटा हुआ तो हम भरेंगे सेठ, आप फिकर नक्को करो." मी खूश झालो. एवढा मोठा कंत्राटदार, घाटा तो भरणार, मला काय पाहिजे आणखी. घरी येऊन हिला जसंच्या तसं सांगितलं. ही कपडे घडी करत होती. हातातला शर्ट तसाच धरून तिनं विचारलं, "हम म्हणजे काय? आम्ही का आपण?"

मराठीत आम्ही म्हटलं की समोरचा बाहेर राहतो, आपण म्हटलं की तोही आत येतो. तेलुगूतही तसंच आहे, मेमु म्हणजे आम्ही आणि मनं म्हणजे आपण. ही लग्नाआधीपासून तेलुगू गल्लीत वाढलेली, तिला दोन्ही भाषांत हा फरक अंगवळणी होता. मध्येच ही दखनी, तिच्यात एकच हम. त्यात कोण आत आणि कोण बाहेर ते बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ओळखावं लागतं, आणि मी त्या वेळी कागदाकडे बघत होतो.

दुसऱ्या दिवशी जाऊन इंजिनियर बाईंना विचारलं. त्या मालकाकडच्या, टेबल त्या चालवायच्या, माझ्या मुलापेक्षा लहान. मी विचारलं, घाट्याच्या पानावर मेमु आहे का मनं? आधी त्या हसल्या. मग हसू थांबलं, पान काढून परत वाचलं आणि म्हणाल्या, मनं. तुम्ही पण. मॅनेजरला बोलावलं, तर तो बिचारा माझ्याहून जास्त गोंधळला. त्याच्या मनात पहिल्यापासून सगळे मिळूनच होते. तो खोटं बोलला नव्हता आणि मी खोटं ऐकलं नव्हतं. भाषेत एक शब्द कमी पडला, बाकी काही नाही.

मी सही करणार नव्हतो. हिनं करायला लावली. म्हणाली, "मनं म्हणाले ना? आजवर तुम्हाला कोणी म्हणालं होतं?"

तर सही केली. आणि पाया खोदताना खडक लागला. हैदराबादेत खडक लागणं काही नवीन नाही, इथं जमिनीखाली हत्ती झोपल्यासारखे दगड असतात. पण हा फारच मोठा, आणि तिन्ही बाजूंना घरं, सुरुंग लावायची सोय नाही. मशिनीनं टोचत बसायचं. टोचता टोचता सगळं वेळापत्रक मागं पडलं. जुन्या पद्धतीत असतं तर मालकानं कंत्राटदाराला नोटीस दिली असती, त्यानं नकाशेवाल्याला, आणि सगळ्यांनी मिळून माती तपासणाऱ्याला धरलं असतं. इथं टेबलावर बाईंनी एकच विचारलं, आता वेळ कुठून काढायचा?

तेव्हा ॲल्युमिनियमच्या साच्याचं निघालं. कारखान्यात बनलेले तयार पत्रे असतात, एकात एक बसवायचे, पिना ठोकायच्या. एका मजल्याचे काढून दुसऱ्या मजल्यावर लावायचे. भिंत आणि स्लॅब एकदम. लाकडापेक्षा फार भराभर होतं. पत्रे भाड्यानं देणारे आपली माणसंही घेऊन येतात. माझी पातळ झालेली फळी आणि माझे सुतार यांचं त्यात काही काम नाही. टेबलावर कोणीही मला वाईट बोललं नाही. सगळे मान खाली घालून बोलत होते. बाई म्हणाल्या, तुमचा वाटा तसाच राहील, पुढच्या दवाखान्यांतही तुम्ही आहात, फक्त काम दुसऱ्या तऱ्हेनं होईल. तुमचं हो पाहिजे.

मला जर कोणी शिवी देऊन हाकललं असतं तर मी रस्त्यावर उभा राहून दोन शिव्या दिल्या असत्या आणि घरी आलो असतो. इथं मलाच सांगायचं होतं की मी नको.

हे सगळं मी त्या संध्याकाळी पाला चोळता चोळता परत हिच्यापुढं ओतत होतो. आठ दिवसांत कितव्यांदा कोण जाणे. ती ऐकून ऐकून कंटाळली असणार. मधेच म्हणाली, "मेस्त्रीला विचारलं का?"

मेस्त्री म्हणजे माझ्या सुतारांचा मुख्य. नलगोंड्याकडचा तेलुगू माणूस, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, अर्धं आयुष्य माझ्याबरोबर. मी म्हणालो, त्याला काय विचारायचं, तो माझा माणूस आहे, त्याच्या वतीनं मीच बसतो तिथं.

"मी पण तुमच्या वतीनं बाजारात जाते," ती म्हणाली. "तुम्हाला कारली आवडत नाहीत ते मला माहीत असतं. त्याला काय पाहिजे ते तुम्हाला माहीत आहे?"

मला राग आला. मी म्हणालो, तुला साइटवरचं काय कळतं. ती म्हणाली, हौ, मला काही कळत नाही, पाला निवडा. मी निवडला. मग तिनं डाळ केली, आम्ही जेवलो, डाळ चांगली झाली होती, मी तसं म्हणालो का नाही ते मला आठवत नाही. किती आठवून बघितलं.

पहाटे ती उठली, छातीत जळजळतंय म्हणाली, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि खाली बसली. कोठीच्या दवाखान्यापर्यंत ऑटो गेला, आत न्यायच्या आधीच डॉक्टरांनी बघून मान हलवली. एवढंच. ह्यापेक्षा जास्त लिहायचं म्हटलं तरी ह्यापेक्षा जास्त काही झालंच नाही.

मुलगा पुण्याला नोकरी करतो. तो दुपारच्या विमानानं आला. घर माणसांनी भरलं. मेस्त्री कोणी न सांगता आला होता, सगळ्या सुतारांना घेऊन, काम बंद करून. तिरडी बांधायला बसले तेव्हा आमच्यातला एकजण गाठ मारताना चुकत होता, मेस्त्रीनं सुतळी त्याच्या हातातून घेतली आणि स्वतः बांधली. खांदाही दिला. माझ्यापुढं चालत होता. मी त्याच्या मानेकडं बघत स्मशानापर्यंत गेलो, आणि लाज वाटते सांगायला, पण त्या वेळीही माझ्या डोक्यात तिचा प्रश्न होता. ह्याला काय पाहिजे ते मला माहीत आहे का.

परत आल्यावर घरात बसवेना. ह्या खोलीतून त्या खोलीत, जिन्यावरून खाली, परत वर. बायका म्हणाल्या, बसा हो. बसलो की पाय आपोआप हलायचे. आणि घरात, हे कोणामुळे झालं, अशी विचारणा सुरू झाली होती. एकजण म्हणाला ऑटोवाल्यानं लांबचा रस्ता घेतला. शेजारीण म्हणाली मागच्या महिन्यात ज्या डॉक्टरनं ॲसिडिटीची गोळी दिली त्याला धरलं पाहिजे. मुलगा रडत रडत म्हणाला, बाबा, तुम्ही तिला आधी तपासायला का नाही नेलं. टेबलावर इतके महिने बसून मला एवढं कळलं होतं की कोणामुळे झालं हे विचारायला लागलं की माणसं एकमेकांकडं बघतात, आणि मेलेल्या माणसाकडं कोणी बघत नाही. पण हे मुलाला सांगायची ती वेळ नव्हती.

थोडा शांत झाल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, तेरावं झालं की तुम्ही माझ्याबरोबर पुण्याला चला. कामाचं काय ते मी फोन करून सांगतो. सून चांगली आहे, नातू आहे, एक खोली रिकामी आहे. म्हणणं चुकीचं नव्हतं. उद्याच्या बैठकीत मी नसलो तर ते थांबतील, नाहीतर माझ्या जागी कोणीतरी हात वर करेल, आणि सुतारांना ते माझ्याशिवायच कळेल. हे मला चांगलं माहीत होतं. ह्याच्याइतकी सोपी पळवाट परत मिळाली नसती.

सकाळी मी आंघोळ केली आणि चपला घातल्या. मुलानं विचारलं, कुठं निघालात? मी म्हणालो, साइटवर. तो उभाच राहिला. राख सावडायची आहे अजून, म्हणाला, सुतक आहे, लोक येणार आहेत, ते काय म्हणतील?

"त्यांना चहा दे," मी म्हणालो.

कोठीहून मेट्रो घेतली. सकाळच्या गर्दीत सगळी पोरं कानात वायरी घालून उभी, कोणाला काय माहीत माझं काल काय झालं. बरं वाटलं एका परीनं. कुकटपल्ली आली, उतरलो, आणि बैठकीच्या खोलीकडं न जाता आधी खाली गेलो, जिथं सुतार बसतात. मला बघून सगळे उठले. मेस्त्री पुढं आला. मी म्हणालो, चल वर.

वर कुठं, त्यानं विचारलं. टेबलावर, मी म्हणालो. तो मागं सरला. म्हणाला, सेठ, तिथं माझं काय काम, माझे कपडे बघा. मी म्हणालो, माझे बघ, कालपासून मी आरशात बघितलं नाही. तरी तो हलेना. मग मी त्याला ॲल्युमिनियमचं सांगितलं, तिथंच, सगळ्यांच्या देखत. त्याला ते आधीच माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. साइटवर काही लपत नाही. आठ दिवस ते वाट बघत होते की मी कधी सांगतो, आणि काल माझ्या घरी येऊन, खांदा देऊन, कोणी एका शब्दानं विचारलं नव्हतं.

आम्ही वर गेलो. खोलीत सगळे होते. मला बघून बाई उठल्या, त्यांचे डोळे भरले. म्हणाल्या, आज बैठक ठेवलेली नाही, आम्ही फक्त तुमच्याकडं यायचं ठरवायला जमलो होतो. मी म्हणालो, ठेवा. माझ्या घरी आज पुष्कळ माणसं आहेत, इथलं इथं होऊ दे. एक खुर्ची आणखी लागेल.

खुर्ची आणली. मेस्त्री टोकावर बसला, हात मांडीखाली घालून. मी बाईंना म्हणालो, "माझा हात मागू नका. आधी ह्याला विचारा, तेलुगूत विचारा, म्हणजे ह्याला नीट कळेल."

बाईंनी विचारलं. सगळं सांगितलं, काहीच न लपवता, खडकापासून ते भाड्याच्या पत्र्यांपर्यंत. मग त्यानं एकच विचारलं, ते पत्रे कोण बसवणार? मॅनेजर म्हणाला, पत्रेवाल्यांची टोळी येईल बाहेरून. मेस्त्री म्हणाला, तेही कधीतरी शिकलेच असतील. आम्हाला शिकवा.

मॅनेजर चांगला माणूस आहे पण त्याच्या बोटांवर वेळापत्रक असतं. तो म्हणाला, शिकवण्यात जो वेळ जाईल तो आपण वाचवणार होतो त्यातलाच आहे. हे खरं होतं. सळईवाला म्हणाला, माझी माणसं तशीही पुढच्या महिन्यापर्यंत मोकळी नाहीत, तेवढा वेळ तुमच्याकडं आहेच. त्यावर दोघांची जुंपली, बाईंनी मधे पडून फळ्यावर आडव्या रेघा मारल्या, पुसल्या, परत मारल्या. मला त्यातलं निम्मं कळत होतं. मी मेस्त्रीकडं बघत होतो. त्यानं मांडीखालचे हात बाहेर काढले होते.

शेवटी असं ठरलं की पत्रेवाल्यांची थोडी माणसं येतील आणि बाकीची जागा माझे सुतार भरतील, पहिला मजला सावकाश होईल, त्याचा घाटा सगळे वाटून घेतील. मला वाटलं झालं. तेवढ्यात मेस्त्री म्हणाला, सगळे नाही येणार. आमच्यातले दोघं जण म्हातारे आहेत. एकाला एका डोळ्यानं दिसत नाही, दुसऱ्याच्या खांद्याला तो पत्रा उचलणार नाही. खोटं कशाला सांगू.

मनं म्हटलं तरी कुठंतरी रेघ मारावीच लागते, आणि ती ह्या दोघांच्या अलीकडं पडली होती. बाई म्हणाल्या, दुसरं काही हलकं काम बघू, पण त्यांच्याच आवाजात दम नव्हता. मग त्या माझ्याकडं वळल्या. मी हात वर केला. जड झाला होता, खरं सांगतो, पण केला. मेस्त्रीनंही केला, त्याला कोणी विचारलं नव्हतं तरी. बाईंनी तोही मोजला.

जिन्यात मेस्त्री म्हणाला, त्या दोघांना मी सांगतो, सेठ, तुम्ही घरी जा. मी नको म्हणालो.

ते दोघं खालीच होते, मागच्या बाजूला, जुन्या फळ्यांच्या ढिगाशी. मागच्या कामाच्या स्लॅबमधून निघालेल्या फळ्यांतले खिळे काढत होते. मी उभ्या उभ्या सांगितलं. एका डोळ्याचा जो आहे त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग ह्या फळ्यांचं काय करणार? मी म्हणालो, अफझलगंजच्या बाजारात कोणी घेतल्या तर देईन, आधी खिळे निघू देत. दुसरा म्हणाला, अजून पुष्कळ आहेत. बाजूला एक कटावणी पडलेली होती. मी ती घेतली, ढिगातली वरची फळी ओढली आणि दुपारपर्यंत त्यांच्याबरोबर खिळे काढत राहिलो.